ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह कसा निवडायचा: आवाजाआधी हवेचा हिशेब

टर्बो गाडीवर काम करून घेणारा माणूस ब्लो-ऑफ व्हॉल्व्हबद्दल, म्हणजे पाय उचलल्यावर टर्बोची कोंडलेली हवा सोडून देणाऱ्या झडपेबद्दल, विचारायला आला की पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: कुठल्या व्हॉल्व्हचा आवाज भारी? गिअर बदलताना येणारा तो ‘फुस्स’ मलाही मनापासून आवडतो. पण चौकात थांबल्या थांबल्या बंद पडणाऱ्या, गिअर बदलताना काळा धूर सोडणाऱ्या, आयडलिंगला रेस वर-खाली करणाऱ्या बऱ्याच गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकांवर बसवलेला व्हॉल्व्ह उत्तम प्रतीचा होता. फक्त तो त्या गाडीसाठी नव्हता.

म्हणून निवड दोन गोष्टींवरून करावी. गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, इंजिनात जाणारी हवा कशी मोजतो, ही पहिली. आयडलिंगला इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे थ्रॉटलनंतर सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागात, व्हॅक्यूम किती असतो, ही दुसरी. या दोन्हींची उत्तरं हातात असली की बाजारातले निम्मे व्हॉल्व्ह यादीतून आपोआप गळतात.

मुळात हा व्हॉल्व्ह लागतो कशाला

टर्बो म्हणजे एका दांड्यावर दोन टोकांना बसवलेली दोन चाकं. एका चाकाला सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर फिरवतो. दुसरं चाक, म्हणजे कंप्रेसर, बाहेरची हवा ओढून दाबतं आणि पुढे पाठवतं. ही दाबलेली हवा पाइपमधून तिला गार करणाऱ्या इंटरकूलरमध्ये, तिथून हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या थ्रॉटल बॉडीत आणि मग इंजिनात जाते. पूर्ण जोरात असताना हा दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो, लहान टर्बो तर दोन लाखांच्याही वर जातात.

आता तुम्ही गिअर बदलायला ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. थ्रॉटलची चकती झटकन मिटली. पण लाखभर फेरे घेणारा दांडा असा एका क्षणात थांबत नाही, तो हवा ढकलतच राहतो. पुढची वाट बंद झालेली असते, त्यामुळे हवा पाइपमध्ये कोंडते. दाब चढतो आणि प्रवाह जवळजवळ थांबतो. एका मर्यादेनंतर कंप्रेसरच्या पात्यांना समोरचा दाब पेलवत नाही आणि हवा पात्यांमधूनच उलटी मागे येते. ती मागे आली की पाइपमधला दाब उतरतो, पाती पुन्हा पकड घेतात, पुन्हा हवा कोंडते, पुन्हा उलटते. एका सेकंदात हे अनेकदा घडतं. तो ‘तुतुतुतु’ आवाज याचाच. याला कंप्रेसर सर्ज म्हणतात. पुष्कळ जण त्याला वेस्टगेटचा आवाज समजतात, पण वेस्टगेट धुराच्या बाजूला असतं आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब, किती चढू द्यायचा ते ठरवतं. या आवाजाशी त्याचा संबंध नाही.

सर्जने टर्बो मरतो का? याचं उत्तर सरसकट देता येत नाही. कमी फेऱ्यांवर, थोड्याशा बूस्टमध्ये अधूनमधून झालेल्या हलक्या सर्जने टर्बो लगेच निकामी होत नाही, आणि जुन्या काळच्या अनेक टर्बो गाड्यांत असा व्हॉल्व्ह नव्हताच. पण ताण खरा असतो. हवा उलटसुलट होते तेव्हा दांड्यावर पुढे-मागे धक्के बसतात आणि ते थ्रस्ट बेअरिंगला झेलावे लागतात. मूळ गाडीत जो बूस्ट अर्धा-पाऊण बार होता (१ बार म्हणजे जवळजवळ बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा) तो रिमॅपनंतर, म्हणजे ईसीयूची सेटिंग बदलल्यावर, सव्वा-दीड बार झाला, की प्रत्येक धक्का त्या प्रमाणात मोठा होतो. शिवाय दांड्याचे फेरे पडतात, म्हणजे पुढच्या गिअरमध्ये बूस्ट पुन्हा चढायला उशीर. म्हणून बदल केलेल्या गाडीत हा व्हॉल्व्ह नीट चालणं मूळ गाडीपेक्षाही महत्त्वाचं ठरतं.

इथेच डिझेलवाल्यांसाठी एक गोष्ट सांगून टाकतो. डिझेल इंजिनाची ताकद इंधन कमी-जास्त करून सांभाळली जाते, हवेची वाट आवळून नव्हे. आधुनिक डिझेलमध्ये थ्रॉटलसारखी एक चकती असते खरी, पण ती ईजीआरसाठी, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात घेण्यासाठी, आणि इंजिन बंद करताना धक्का बसू नये म्हणून असते. पाय उचलला म्हणून ती पेट्रोल गाडीसारखी धाडकन मिटत नाही. त्यामुळे डिझेलला या व्हॉल्व्हची गरज नसते. डिझेलसाठी विकले जाणारे किट विजेवर हवा सोडून फक्त आवाज काढतात. ते पैसे इंटरकूलरवर किंवा चांगल्या होजवर घालवा.

व्हॉल्व्ह उघडतो कसा

हा भाग नीट समजला की स्प्रिंगबद्दलचे निम्मे गैरसमज संपतात, म्हणून इथे जरा थांबू.

व्हॉल्व्हच्या आत एक पिस्टन किंवा रबरी पडदा असतो, ज्याला डायफ्रॅम म्हणतात. त्याच्या खालच्या बाजूला बूस्टच्या पाइपमधली हवा, वरच्या बाजूला स्प्रिंग. वरच्याच बाजूला एक बारीक नळी येते, ती थ्रॉटलच्या पलीकडून, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधून.

समजा व्हॉल्व्हचं तोंड ५० मिलिमीटरचं आहे. त्याचं क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. पाइपमध्ये १ बार बूस्ट असेल तर खालून साधारण २० किलो वजनाइतका जोर लागतो. दीड बारला ३० किलो. आता त्या व्हॉल्व्हची स्प्रिंग हातात घेऊन पाहा. ती तुम्ही बोटांनी दाबू शकता. मग ती ३० किलो कशी अडवणार? ती अडवतच नाही. पूर्ण थ्रॉटलवर मॅनिफोल्डमध्येही तोच बूस्ट असतो आणि बारीक नळीतून तो पिस्टनच्या डोक्यावर येतो. खालून ३०, वरून ३०. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरलेलं काम ती मऊ स्प्रिंग करते. काही पिस्टनांची वरची बाजू खालच्या तोंडापेक्षा मोठी ठेवलेली असते. तिथे बूस्ट जितका जास्त तितका व्हॉल्व्ह अधिक घट्ट मिटतो.

पाय उचलला की चित्र पालटतं. थ्रॉटल मिटल्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम होतो. डोक्यावरचा दाब नाहीसा होतो, उलट वरून ओढ लागते. खालून कोंडलेली हवा ढकलत असतेच. व्हॉल्व्ह उघडतो, हवा निसटते, आणि दाब उतरला की स्प्रिंग त्याला परत मिटवते.

“जास्त बूस्ट म्हणजे जास्त कडक स्प्रिंग” हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. बूस्ट अडवायला स्प्रिंग लागत नाही, मॅनिफोल्डमधून येणारी ती बारीक सिग्नलची नळी लागते. मात्र एक अपवाद आहे आणि तो खरा आहे. व्हॉल्व्ह इंटरकूलरच्या आधी, टर्बोजवळ बसवला असेल, तर तिथला दाब मॅनिफोल्डपेक्षा थोडा जास्त असतो, कारण इंटरकूलर आणि पाइपमधून जाताना हवेचा दाब थोडा पडतो. ही घट २ पीएसआय (सुमारे ०.१४ बार) धरली तर ५० मिलिमीटरच्या तोंडावर खालून जवळजवळ पावणेतीन किलोचा जादा जोर राहतो. तेवढा मात्र स्प्रिंगला पेलावा लागतो. इंटरकूलर लहान आणि टर्बो मोठा असेल तर ही घट आणखी वाढते, आणि पूर्ण थ्रॉटलवर व्हॉल्व्ह किंचित उघडून हवा गळायला लागतो.

हवा कुठे सोडायची, हा खरा प्रश्न

निसटलेल्या हवेला दोन वाटा आहेत. ती थेट बाहेर सोडायची, किंवा टर्बोच्या तोंडाशी परत आणायची. परत आणणाऱ्याला रिसर्क्युलेटिंग, बायपास किंवा डायव्हर्टर व्हॉल्व्ह म्हणतात. कंपनीतून येणाऱ्या बहुतेक पेट्रोल टर्बो गाड्यांत हाच असतो, आणि तो आवाज दाबण्यापुरता बसवलेला नसतो.

ईसीयूला इंजिनात किती हवा गेली ते कळलं तरच तो तेवढं पेट्रोल देऊ शकतो. हे मोजायच्या दोन मुख्य पद्धती. पहिलीत एअर फिल्टरजवळ एक सेन्सर असतो, मॅफ. तो आत येणारी हवा थेट मोजतो. दुसरीत मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर असतो, मॅप. तो दाब, हवेचं तापमान आणि इंजिनाचे फेरे यांवरून ईसीयू हवेचा हिशेब करतो.

मॅफवर चालणाऱ्या गाडीत हवा एकदा मोजली गेली की ती ईसीयूच्या वहीत जमा झाली. ती इंजिनात जाणारच असं तो धरून चालतो. आता ती मध्येच बाहेर सोडली तर काय होतं, ते आकड्यांत पाहू. टर्बोपासून थ्रॉटलपर्यंतचे पाइप आणि इंटरकूलर मिळून ८ लिटर जागा आहे आणि बूस्ट १ बार आहे असं धरा. म्हणजे बाहेरच्या दाबाच्या हिशेबाने ८ लिटर जादा हवा तिथे कोंडलेली आहे, वजनाने साधारण १० ग्रॅम. १४.७ ग्रॅम हवेला १ ग्रॅम पेट्रोल या प्रमाणाने ईसीयू तिच्यासाठी पाऊण ग्रॅमच्या जवळपास पेट्रोल मोजून ठेवतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण दोन लिटरचं इंजिन आयडलिंगला सेकंदाला साधारण ३ ग्रॅम हवा घेतं. म्हणजे आयडलिंगच्या तीन सेकंदांच्या हवेचं पेट्रोल, ती हवा नसताना. मिश्रण भिजतं, गाडी गचके खाते, सायलेन्सरमधून फटाका किंवा काळा धूर येतो, आणि पाय उचलून थेट क्लच दाबून थांबलात तर इंजिन बंद पडतं. रोजच्या रोज असं चाललं तर न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून खराब होतो. गाडी गिअरमध्ये असताना पाय पूर्ण उचलला की बरेच ईसीयू इंधन तोडतात, म्हणून दोष दर वेळी दिसत नाही. तो दिसतो झटपट गिअर बदलताना आणि थांबताना. लोक मग स्पार्क प्लग बदलत बसतात. सुबारू डब्ल्यूआरएक्सच्या मालकांमध्ये हा विषय वर्षानुवर्षं चघळला गेलाय, तो याच कारणाने: गाडी मॅफवर चालते आणि मालकाला मात्र बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह पाहिजे असतो.

मॅपवर चालणाऱ्या गाडीला या गळतीची फिकीर नसते, कारण ती मोजमाप थ्रॉटलच्या पलीकडे घेते. पलीकडे जे पोचलं तेच मोजलं. अशा गाडीत बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह खुशाल बसवा. मॅफ सेन्सर व्हॉल्व्हच्या पुढे, थ्रॉटलच्या जवळ नेऊन बसवला असेल तरीही तेच, कारण हवा सुटते ती मोजण्याआधीच. मात्र आजकाल एकाच गाडीत मॅफ आणि मॅप दोन्ही सेन्सर असणं नेहमीचं झालंय, म्हणून नुसता मॅप सेन्सर दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. पेट्रोलचा मुख्य हिशेब कशावर चालतो ते ट्यूनरला विचारा.

या दोघांच्या मधला एक प्रकार मिळतो, ज्यात थोडी हवा परत जाते आणि थोडी बाहेर सुटते. काहींत बाहेरची कडी फिरवून हे प्रमाण बदलता येतं. मॅफच्या गाडीत थोडा आवाज हवाच असेल तर हा एक तोडगा आहे. परत जाणारा वाटा जास्त ठेवून सुरुवात करा, गाडी नीट वागते असं पाहिलं की हळूहळू प्रमाण बदला. माझं स्वतःचं मत विचाराल तर मॅफच्या गाडीला चांगला रिसर्क्युलेटिंग व्हॉल्व्ह आणि वर उघडा एअर फिल्टर, एवढ्यात पुरेसा आवाज येतो आणि गाडीही शहाण्यासारखी चालते.

परतीची नळी कुठे जोडायची यातही चूक होते. ती मॅफच्या नंतर आणि टर्बोच्या आधी यायला हवी. मॅफच्या आधी जोडली तर तीच हवा दोनदा मोजली जाते.

स्प्रिंग ठरवायचा मार्ग

बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह असेल तर नियम असा: गरम इंजिनावर आयडलिंगला तो जेमतेम मिटलेला राहिला पाहिजे, आणि त्याहून फार कडक नको. कारण आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतोच. स्प्रिंग मऊ असेल तर तो व्हॅक्यूम व्हॉल्व्हला उघडा धरून ठेवतो. त्या वेळी टर्बो बूस्ट देत नसतो, उलट पाइपमध्ये हलकी ओढ असते. म्हणजे हवा बाहेर सुटण्याऐवजी व्हॉल्व्हमधून आत येते, तीही फिल्टरमधून न जाता. मॅफच्या गाडीत ही न मोजलेली हवा मिश्रण पातळ करते आणि रेस वर-खाली व्हायला लागते. मॅपच्या गाडीत मिश्रण बिघडत नाही, पण धूळ आत जातेच आणि कंप्रेसरच्या पात्यांना, पुढे सिलिंडरच्या भिंतींना घासते. हे लक्षात यायला महिने लागतात, म्हणून मला ते जास्त धोक्याचं वाटतं.

मग किती कडक स्प्रिंग? मोजा. मॅनिफोल्डच्या सिग्नलच्या नळीला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून व्हॅक्यूम गेज लावा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, एसी बंद ठेवा आणि आकडा लिहून घ्या. मूळ कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारे दांडे) असलेल्या निरोगी इंजिनात तो पाऱ्याच्या १८ ते २२ इंचांच्या दरम्यान येतो. म्हणजे ९ ते ११ पीएसआयची ओढ. मोठे कॅमशाफ्ट टाकले असतील तर आयडलिंगचा व्हॅक्यूम १०-१२ इंचांवर येऊ शकतो, आणि मग कडक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह हलक्या पायाने चालवताना उघडायलाच कचरतो. टियालसारखे काही उत्पादक स्प्रिंगा याच हिशेबाने, आयडलिंगच्या व्हॅक्यूमप्रमाणे, वेगवेगळ्या रंगांत देतात. यादीत तुमचा आकडा शोधायचा आणि ती स्प्रिंग मागवायची. दुसऱ्या काहींत वरचा स्क्रू फिरवून ताण कमी-जास्त करता येतो.

उंचीचाही परिणाम होतो. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर वर गेलं की आयडलिंगचा व्हॅक्यूम साधारण १ इंचाने उतरतो. जिथे २० इंच मिळत होते तिथल्याच गाडीला १५०० मीटरवर १५ च्या आसपास मिळतील. उंचावर गाडी अचानक ‘तुतुतु’ करायला लागली तर टर्बो गेला असं समजू नका, स्प्रिंग तिथल्या हवेला कडक पडतेय.

रिसर्क्युलेटिंग व्हॉल्व्हला यातली बरीचशी सूट मिळते. आयडलिंगला तो उघडा राहिला तरी हवा मोजलेल्या वाटेतच फिरते. म्हणून त्याची स्प्रिंग मऊ ठेवता येते, आणि त्याचा फायदा असा की हलक्याशा पाय उचलण्यालाही तो लगेच उघडतो.

कडक स्प्रिंगची ओळख सोपी आहे. पूर्ण जोरात पाय उचलला तर आवाज स्वच्छ येतो, पण अर्ध्या थ्रॉटलवरून उचलला की फडफड ऐकू येते. ताणाचा स्क्रू अर्धी फेरी सैल करा, पुन्हा चालवून पाहा. एका वेळी एकच बदल, आणि तो लिहून ठेवायचा.

आकार, घडण आणि नावं

मोठा व्हॉल्व्ह म्हणजे चांगला व्हॉल्व्ह, हे समीकरण इथे चालत नाही. ५० मिलिमीटरचे व्हॉल्व्ह मोठ्या टर्बोच्या, भरपूर हवा फिरवणाऱ्या इंजिनांसाठी केलेले असतात. दीड-दोन लिटरच्या इंजिनावर माफक रिमॅप असेल तर २५ ते ३५ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह पुरतो. फार मोठं तोंड एकदम उघडलं तर पाइप क्षणात रिकामे होतात आणि पुढच्या गिअरमध्ये ते पुन्हा भरावे लागतात. हवा लागेल तेवढी आणि क्रमाने सोडणारा व्हॉल्व्ह रोजच्या गाडीला जास्त मानवतो. एचकेएस कंपनीचा एसएसक्यूव्ही व्हॉल्व्ह याच कल्पनेवर बांधलेला आहे: आत आधी लहान झडप उघडते, मग मोठी. त्याचा तो चिरका, ओळखू येणारा आवाजही त्या रचनेतूनच येतो.

पिस्टन की डायफ्रॅम? डायफ्रॅम हलका असतो, चटकन हलतो, घासत नाही आणि त्याला तेलपाणी लागत नाही. पण रबर उष्णतेने आणि तेलाच्या वाफेने कडक होतं, एक दिवस फाटतं. पिस्टन टिकतो, पण क्रँककेसमधून आलेली तेलकट वाफ आणि धूळ मिळून जो चिकट थर तयार होतो त्यात तो अडखळायला लागतो. ठरावीक काळाने उघडून पुसणं आणि उत्पादकाने सांगितलेलं ग्रीस अगदी पातळ लावणं, एवढी सेवा त्याला लागते. ही सेवा तुमच्याकडून होणार नसेल तर डायफ्रॅमचा घ्या.

मूळ गाडीतले व्हॉल्व्ह कमी लेखू नयेत. फोक्सवॅगन-ऑडी समूहाच्या १.८ टर्बो इंजिनांवरचा बॉशचा ७१०एन हा साधा दिसणारा डायफ्रॅम व्हॉल्व्ह ट्यून केलेल्या गाड्यांवरही अनेकांनी समाधानाने वापरला आहे. मित्सुबिशी एक्लिप्सच्या पहिल्या पिढीचा, १९९० ते १९९४ मधला धातूचा व्हॉल्व्ह तर इतर गाड्यांवर काढून लावण्याइतका लोकप्रिय झाला. लोक त्याची टोपी पकडीत धरून थोडी चेपतात, म्हणजे आतली स्प्रिंग आवळली जाते आणि व्हॉल्व्ह जास्त बूस्टला गळत नाही. मला हा उपाय फारसा पटत नाही, कारण एकदा चेपलेला धातू सैल करता येत नाही. पण चालतो, हे मान्य केलं पाहिजे.

नवीन गाड्यांत मात्र बारीक नळीच नसते. टर्बोच्या अंगावरच एक विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो आणि तो कधी उघडायचा ते ईसीयू ठरवतो. फोक्सवॅगन-ऑडीच्या दोन लिटर टीएफएसआय पेट्रोल टर्बो इंजिनावरच्या सुरुवातीच्या व्हॉल्व्हचा रबरी पडदा फाटण्यासाठी बदनाम होता. अशा गाडीत संपूर्ण यंत्रणा बदलण्यापेक्षा कॉइल मूळचीच ठेवून आतला पिस्टन धातूचा बसवणारे किट जास्त शहाणपणाचे. जीएफबी कंपनीचा डीव्ही प्लस त्याच प्रकारचा. बोर्गवॉर्नरच्या ईएफआर टर्बोत तर रिसर्क्युलेटिंग व्हॉल्व्ह कंप्रेसरच्या घरातच येतो, वेगळा शोधावा लागत नाही.

आणखी एक: बाहेर हवा सोडणारा व्हॉल्व्ह काही ठिकाणी आवाजाच्या किंवा प्रदूषणाच्या नियमांत अडकतो. गाडी जिथे चालवता तिथला नियम विकत घेण्याआधी पाहा.

बदलायच्या आधी जुना तपासा

माझ्या एका गाडीचा बूस्ट १.१ बारला पोचून हळूच ०.८ वर घसरायचा. ज्या गॅरेजमध्ये नेली तिथे आधी बूस्ट कंट्रोलर बदलायला लावला, मग वेस्टगेटचा ॲक्च्युएटर. फरक शून्य. शेवटी मी ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह काढून टेबलावर घेतला आणि त्याच्या वरच्या तोटीला हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप लावला. चार-पाच वेळा दाबल्यावर काटा १५ इंचांवर गेला, पिस्टनच्या जागी असलेला पडदा वर उचललेला दिसला. मग काटा सावकाश, सेकंदकाट्याच्या गतीने, मागे यायला लागला. टॉर्च धरून पडदा बोटाने ताणला तेव्हा कडेच्या घडीत तांदळाच्या दाण्याएवढी चीर उघडली. सैल सोडला की ती मिटायची, म्हणून नुसतं पाहून कुणालाच सापडली नव्हती. पूर्ण बूस्टवर डोक्यावरचा दाब त्या चिरेतून निसटत होता, आणि व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडत होता.

ही चाचणी कुणालाही घरी करता येते. चांगला व्हॉल्व्ह २० इंचांवर काटा धरून ठेवतो. दुसरी चाचणी टर्बोच्या तोंडाला बूच लावून पाइपमध्ये हलक्या दाबाची हवा भरण्याची. जोडांवर साबणाचं पाणी मारायचं आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहायचं. या वेळी इंजिन बंद असल्यामुळे, थ्रॉटल मिटलेला असेल तर व्हॉल्व्हच्या डोक्यावर दाब नसतो आणि तो उघडू शकतो. तेवढ्यावरून त्याला दोषी ठरवू नका, त्याची सिग्नलची नळी काढून तीही त्याच दाबाला जोडा आणि मग पाहा. मॅफच्या गाडीत गळतीची खूण ईसीयूच्या आकड्यांतही दिसते: बूस्टमध्ये तो पेट्रोल कमी करत असतो आणि आयडलिंगला वाढवत असतो.

नवीन व्हॉल्व्ह बसवताना सगळ्यात जास्त घोळ सिग्नलच्या नळीत होतो. तिला मॅनिफोल्डवरची स्वतंत्र तोटी द्या. बूस्ट गेज, फ्युएल प्रेशर रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह तिघांना एकाच नळीतून टी मारून पुरवलं तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आणि गेजचा काटा नाचतो. नळी शक्य तितकी आखूड ठेवा, आतून ४ ते ६ मिलिमीटरची, आणि भिंत जाड असलेली. पातळ सिलिकॉनची नळी गरम झाल्यावर व्हॅक्यूमने चपटी होते, आणि मग व्हॉल्व्ह गार गाडीत चालतो, गरम गाडीत चालत नाही. ती थ्रॉटलच्या पलीकडूनच घ्यायची. अलीकडून घेतली तर पाय उचलल्यावर डोक्यावर व्हॅक्यूमऐवजी बूस्ट येतो आणि व्हॉल्व्ह कधीच उघडत नाही.

जागा शोधताना व्हॉल्व्हचं तोंड बॅटरीवर, वायरिंगवर किंवा गरम मॅनिफोल्डवर येणार नाही असं पाहा. बाहेर सुटणाऱ्या हवेबरोबर तेलाची वाफ असते. फ्लँज वेल्ड करून घेणार असाल तर पाइप गाडीतून काढूनच वेल्ड करा आणि आतला कीस व मणी पूर्ण साफ करा, कारण तो पुढे थेट इंजिनात जातो. व्ही-बँड क्लॅम्प आणि ओ-रिंग बसवताना दोन्ही पृष्ठभाग कोरड्या कापडाने पुसा. ॲल्युमिनियमचे पाइप तापून-गार होताना थोडे बसतात, म्हणून दोन-तीन दिवस गाडी चालवल्यावर, इंजिन गार असताना, प्रत्येक क्लॅम्प पाना लावून पुन्हा तपासा. पहिल्या आठवड्यात आयडलिंगचा व्हॅक्यूम आणि बूस्टचा सर्वोच्च आकडा जुन्या नोंदीशेजारी लिहून ठेवा. व्हॅक्यूम तोच आणि बूस्ट शेवटपर्यंत टिकतोय असं दिसलं, की मग स्क्रूला हात लावायचं कारण नाही.